पडद्यावरून परराष्ट्र खात्यात

मुंबईच्या चित्रसृष्टीतून संसदेत जाण्याची वाट १९५२ मध्ये पृथ्वीराज कपूर यांच्या राज्यसभेवरील नियुक्तीने खुली झाली. कलावंताला राष्ट्रपतींनी नेमायचे आणि त्याने सभागृहात कलेची बाजू मांडायची, अशी ती रीत होती. १९८४ मध्ये सुनील दत्त मुंबईतून आणि अमिताभ बच्चन अलाहाबादेतून मते मागून लोकसभेत गेले, तेव्हा तिचे स्वरूपच पालटले. मुंबईच्या नटाकडे परराष्ट्र खात्याची जबाबदारी येण्यासाठी मात्र २००३ साल उजाडले. तो मान विनोद खन्ना यांचा.

६ ऑक्टोबर १९४६ रोजी पेशावरात जन्मलेल्या खन्नांचे कुटुंब फाळणीनंतर मुंबईत आले. देवळालीच्या बार्न्स शाळेच्या वसतिगृहात त्यांना सिनेमाची ओढ लागली. पुढे मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयातून त्यांनी वाणिज्य शाखेची पदवी घेतली. सुनील दत्त यांनी १९६८ च्या ‘मन का मीत’मध्ये त्यांना खलनायक म्हणून उभे केले. ‘मेरे अपने’, ‘अचानक’, ‘अमर अकबर अँथनी’ असे चित्रपट गाजत असतानाच ओशोंच्या पुण्यातील आश्रमाने त्यांना ओढून घेतले. १९८२ मध्ये सारे सोडून ते अमेरिकेतील ऑरेगनच्या आश्रमात गेले आणि तिथे माळीकामही केले. कीर्तीच्या शिखरावरून एवढ्या सहजतेने उतरलेला दुसरा नायक हिंदी पडद्यावर क्वचितच सापडेल. १९८७ मध्ये ‘इन्साफ’मधून ते परतले.

१९९७ मध्ये त्यांनी भाजपमध्ये प्रवेश केला. पंजाबातील गुरदासपूर हा पाकिस्तानला लागून असलेला मतदारसंघ तोवर काँग्रेसच्या सुखबंस कौर भिंडर यांचा बालेकिल्ला होता. १९९८ मध्ये खन्नांनी तो जिंकला, पुढे १९९९ आणि २००४ मध्येही राखला. नद्यांमुळे तुटलेल्या या भागात पूल उभे राहावेत म्हणून त्यांनी केलेला पाठपुरावा लोकांना इतका भावला, की ते ‘पुलांचा राजा’ म्हणून ओळखले जाऊ लागले. नट निवडून येतो आणि दिसेनासा होतो, या तक्रारीला याहून चांगले उत्तर नाही.

जुलै २००२ मध्ये वाजपेयी सरकारात ते पर्यटन व संस्कृती खात्याचे राज्यमंत्री झाले आणि जानेवारी २००३ मध्ये परराष्ट्र खात्यात आले. यशवंत सिन्हा तेव्हा परराष्ट्रमंत्री होते. संसदेत खात्याची बाजू मांडणे, परदेशी पाहुण्यांशी बोलणी करणे हे राज्यमंत्र्याचे काम. नोव्हेंबर २००३ ची नियंत्रण रेषेवरील शस्त्रसंधी आणि जानेवारी २००४ ची इस्लामाबादची सार्क परिषद याच काळातली. पेशावरात जन्मलेला, सीमेवरच्या जनतेचा प्रतिनिधी त्या वेळी खात्यात असणे उचितच होते. मे २००४ मध्ये सरकार गेले.

२००९ मध्ये त्यांचा पराभव झाला. २०१४ मध्ये गुरदासपूरने त्यांना पुन्हा निवडून दिले. २७ एप्रिल २०१७ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हाही ते खासदार होते. पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर दादासाहेब फाळके पुरस्कार जाहीर झाला.