राजपुत्र दामरोंग यांची प्रेआ विहेअर-भेट : एका पुरातत्त्वीय प्रवासाचा राजकीय अर्थ

प्रवासवृत्तांचा उपयोग इतिहासकार सामान्यतः सांस्कृतिक साधन म्हणून करतो. प्रवाशाने कोणत्या वास्तू पाहिल्या, कोणत्या रीतिरिवाजांची नोंद केली, हे तो त्यांतून वेचून घेतो. परंतु प्रवास ही स्वतःच एक ऐतिहासिक घटना असते. कोण कोणाच्या भूमीवर कोणत्या नात्याने गेला, यजमान कोण आणि पाहुणा कोण, या गोष्टींना कधी कधी प्रवाशाच्या लेखनाहून अधिक महत्त्व येते. इ. स. १९३० मध्ये सयामचे राजपुत्र दामरोंग यांनी प्रेआ विहेअर येथील प्राचीन देवालयाला दिलेली भेट या दृष्टीने विचारात घेण्याजोगी आहे.

शेजारचे देश हिंडून पाहण्याची प्रथा सयामच्या राजकुलात राजा चुलालोंगकोर्ण याने रूढ केली. १८७१ मध्ये तो सिंगापूर व जावा येथे गेला आणि १८७१-७२ मध्ये हिंदुस्थानात येऊन त्याने मुंबईही पाहिली. पाश्चात्त्यांची राज्यव्यवस्था जवळून न्याहाळणे हा या प्रवासांचा एक हेतू होता. १८९६ च्या जावा-प्रवासात बोरोबुदुरच्या स्तूपावरील बुद्धमूर्ती, सिंह व शिल्पपट्ट मिळून सुमारे आठ गाड्या भरतील इतके अवशेष त्याने डच सरकारच्या संमतीने स्वदेशी नेले. त्यांपैकी काही आजही बँकॉकच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. ही संमती डचांची होती, जावावासीयांची नव्हती, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. वसाहतींच्या त्या काळात शेजाऱ्याच्या घरी जाताना तिसऱ्याचेच दार ठोठवावे लागे.

दामरोंग हे चुलालोंगकोर्णचे सावत्र बंधू. १८९२ पासून १९१५ पर्यंत ते अंतर्गत कारभाराचे मंत्री होते आणि पुढे सयामी इतिहाससंशोधनाचे अध्वर्यू म्हणून त्यांची ख्याती झाली. १९२४ मध्ये त्यांनी अंगकोरची यात्रा केली. अंगकोरचा प्रांत १९०७ च्या तहाने सयामने फ्रेंचांना दिला होता. म्हणजे सतरा वर्षांपूर्वीपर्यंत जेथे त्यांच्याच सरकारचा अंमल होता, तेथे ते आता फ्रेंचांचे पाहुणे म्हणून गेले.

प्रेआ विहेअरची स्थिती याहून नाजूक होती. दांग्रेक पर्वताच्या तुटलेल्या कड्यावर उभे असलेले हे ख्मेर राजांच्या काळातील शिवमंदिर शिलालेखांत शिखरेश्वर या नावाने उल्लेखिले आहे. सुमारे आठशे मीटर लांबीच्या अक्षावर पायऱ्या, फरसबंद मार्ग व गोपुरे एकामागून एक चढत जातात आणि अखेरीस कड्याखाली कंबोडियाचे विस्तीर्ण मैदान दिसते. चढ सोपा आहे तो उत्तरेकडून, म्हणजे सयामच्या बाजूने. १३ फेब्रुवारी १९०४ च्या करारानुसार येथील सरहद्द पाणलोटाच्या रेषेने जावयाची होती. परंतु फ्रेंच अधिकाऱ्यांनी तयार करून १९०८ मध्ये सयामला दिलेल्या नकाशात हे देवालय कंबोडियाच्या हद्दीत दाखविले होते. नकाशे मिळताच सयामच्या अंतर्गत मंत्र्यांनी फ्रेंच प्रतिनिधीचे आभार मानले आणि प्रांताधिकाऱ्यांना वाटण्यासाठी प्रत्येकाच्या आणखी पंधरा प्रती मागविल्या. ते मंत्री म्हणजे दामरोंगच.

बावीस वर्षांनी तेच दामरोंग राजाच्या अनुमतीने पुरातत्त्वीय दौऱ्यावर या देवालयापाशी आले. या वेळी ते राजकीय विद्वत्संस्थेचे अध्यक्ष होते. प्राचीन वास्तूंची देखरेख त्यांच्या कार्यकक्षेत येई. तेथे लगतच्या कंबोडियन प्रांताच्या फ्रेंच रेझिडेंटने त्यांचे रीतसर स्वागत केले; फ्रेंच ध्वज फडकत होता. परतल्यावर राजपुत्रांनी रेझिडेंटला प्रसंगाची छायाचित्रे पाठविली आणि सोबतच्या पत्रात सौजन्याची भाषा वापरली.

फ्रेंच निघून गेल्यावर १९५४ मध्ये थायलंडने देवालयात आपले पहारेकरी ठेवले. १९५९ मध्ये कंबोडियाने हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात दावा आणला. १५ जून १९६२ रोजी नऊ विरुद्ध तीन मतांनी देवालय कंबोडियाचे ठरले. १९५४ नंतर तेथून हलविलेल्या प्राचीन वस्तू परत करण्याचा आदेशही सात विरुद्ध पाच मतांनी झाला. निकालाचा मुख्य आधार सयामने नकाशाला दिलेली मूक मान्यता हा होता. नकाशातील रेषा पाणलोटाशी जुळते की नाही, याचा निर्णय न्यायालयाला आवश्यक वाटला नाही. त्या मान्यतेला पुष्टी देणाऱ्या नंतरच्या प्रसंगांत १९३० ची भेट न्यायालयाने सर्वांत महत्त्वाची मानली. ध्वज पाहूनही सयामने निषेध नोंदविला नाही, हे त्याला निर्णायक वाटले.

भेटीच्या वेळी बरोबर असलेल्या राजकन्येने प्रतिज्ञालेखात दिलेले स्पष्टीकरण निराळे होते. निषेध केला असता तर आणखी भूमी बळकावण्यास फ्रेंचांना निमित्त मिळाले असते, अशी त्या काळी समजूत होती, असे तिचे म्हणणे. १८९३ मध्ये फ्रेंच गनबोटी बँकॉकपर्यंत आल्या होत्या, हे लक्षात घेता ही भीती निराधार म्हणता येत नाही. तथापि बलाढ्य शेजाऱ्यासमोर दुर्बलाने बाळगलेल्या मौनाचा अर्थ न्यायालयाने संमती असा लावला. विधिशास्त्राच्या दृष्टीने त्याला कारणे होती; इतिहासकाराला मात्र तेवढ्यावर थांबता येत नाही. त्याच्यापुढे १९०८ च्या आभारपत्रातील मंत्री आणि १९३० च्या छायाचित्रांतील विद्वान असा एकच पुरुष उभा राहतो. आपण मागविलेल्या नकाशांत काय आहे हे त्याने बारकाईने पाहिले होते काय, आणि पाहिले असल्यास कड्यावर उभा असताना त्याला ते आठवले काय, हे प्रश्न न्यायनिर्णयाने सुटत नाहीत.

मंदिराचे नाव २००८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आले. त्यानंतर २०११ पर्यंत तेथे वारंवार चकमकी झडल्या. २०१३ मध्ये न्यायालयाला आपल्याच निकालाचा अर्थ पुन्हा स्पष्ट करावा लागला आणि २०२५ च्या जुलैत सीमेवर पुन्हा रक्त सांडले. प्राचीन वास्तू पाहावयास गेलेल्या एका वृद्ध विद्वानाची पावले अशा रीतीने दोन राष्ट्रांच्या दप्तरांत उमटून राहिली. प्रवासवृत्ते वाचताना प्रवाशाने काय पाहिले एवढेच न विचारता, तो तेथे उभा असताना कोणाचा ध्वज फडकत होता, हेही विचारण्याची सवय अभ्यासकांनी लावून घेतली पाहिजे.