जबाब आणि कबुली

पोलीस ठाण्यातली मराठी बरीचशी अरबी-फारसीतून आलेली आहे. ‘जबाब’ त्यातलाच. मूळ अरबी ‘जवाब’ म्हणजे नुसतं उत्तर. मराठीत त्याच्या दोन वाटा झाल्या. सवाल-जवाब तमाशाच्या फडावर रंगले आणि ‘जबाब’ ठाण्यातल्या कागदावर उतरला. त्याला ‘कबुली’ जोडली की शब्द एकदम जड होतो: कबुलीजबाब.

‘कबूल’ म्हणजे स्वीकार. निकाहात वधू-वर उच्चारतात तोच हा शब्द. त्यात राजीखुशी गृहीत धरलेली आहे. चौदा वर्षांचं पोर आईबापांवाचून, खाकी वर्दीपुढे घाबरून मान हलवतं, त्याला कबुली म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पोलिसांपुढची कबुली पुरावा म्हणून चालत नाही, हे तर मोठ्यांच्या बाबतीतही 1872 पासून कायद्यात आहे. मुलांसाठी 2016 चे बाल न्याय नियम त्याच्या पुढे जातात. मुलावर गुन्हा कबूल करायची सक्ती करायची नाही. कुठल्याही जबाबावर त्याची सही मागायची नाही. बेड्या नाहीत. त्याच्याशी बोलायचं ते ठाण्याची कळा नसलेल्या जागी, आणि आईवडिलांना तिथे हजर राहता येतं. बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्यानेही साध्या कपड्यांत असायचं. मोफत वकील मिळावा म्हणून विधी सेवा प्राधिकरणाला कळवायचं तेही पोलिसांनीच.

मोठ्या माणसाला ‘अटक’ होते, मुलाला ‘ताब्यात’ घेतात. हा फरक बातमीदार बहुधा पाळतात. ताब्यात घेतलेल्या मुलाला कोठडीत टाकता येत नाही. प्रवासाचा वेळ सोडून 24 तासांत बाल न्याय मंडळापुढे उभं करावं लागतं.

कायद्याने या मुलाला दिलेलं नाव मात्र तोंडात बसायला अवघड: विधिसंघर्षग्रस्त बालक. तरी त्यातलं ‘ग्रस्त’ मला मोलाचं वाटतं. ग्रस् म्हणजे गिळणं. पूरग्रस्त, दुष्काळग्रस्त म्हणताना आपण माणसाला दोष देत नाही, त्याच्यावर काय ओढवलं ते सांगतो. आरोप नुसता झालेला असो वा शाबीत, नाव हेच. 2015 च्या बाल न्याय कायद्याचं कलम 3 तर मुलाच्या प्रकरणात दोषारोप करणारे शब्दच वापरू नका, असं बजावतं. आणि तरीही, मंडळापुढे पहिली सुनावणी व्हायच्या आत, ‘बालगुन्हेगार’ मथळ्यात छापून मोकळं होणं अजून थांबलेलं नाही.