गळाचे रीळ आणि मावळातील महासीर : साधन, वंगण व पर्यावरण यांचा एक ऐतिहासिक मागोवा

मावळच्या इतिहासलेखनात किल्ले, देशमुखी वतने, लेणी व घाटवाटा यांना मानाचे स्थान मिळाले. नदीतील मासा आणि तो धरण्याची साधने मात्र गॅझेटियरच्या यादीपलीकडे फारशी गेली नाहीत. प्रस्तुत निबंधात गळाचे रीळ या एका लहानशा यंत्राच्या आधारे पवना-इंद्रायणी-मुळा खोऱ्यातील महासीर माशाचा व त्याच्याशी निगडित मानवी व्यवहाराचा विचार करावयाचा आहे. विषय किरकोळ वाटेल; परंतु लोणावळ्यात घडलेल्या एका प्रयोगाचे कावेरीतील परिणाम जगापुढे आले ते रीळधारी शौकिनांच्या नोंदवह्यांमुळे, हे येथेच नमूद करणे उचित होईल.

महासीरची जी दख्खनी जात आज 'टोर खुद्री' या नावाने ओळखली जाते, तिचे पहिले शास्त्रीय वर्णन कर्नल विल्यम हेन्री सायक्स याने 1839 मध्ये प्रसिद्ध केले. मुंबई सरकारचा सांख्यिकी अधिकारी म्हणून तो दख्खनभर हिंडला होता. त्याने वर्णिलेला नमुना पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेच्या पात्रातला. आणि 'खुद्री' हे नावही त्याने येथील लोकांच्या तोंडून उचललेले. म्हणजे कावेरी वा हिमालयातील नद्यांच्या कीर्तीपुढे आपण विसरलो असलो, तरी या जातीचा शास्त्रीय जन्मदाखला पुणे जिल्ह्याचाच आहे.

मावळातील कातकरी, ठाकर व भोई यांच्या मासेमारीत गळ होता, जाळे होते, बांबूचे सापळे होते, रीळ नव्हते. ते आले साहेबाबरोबर. अर्थात रीळ ही मुळात इंग्रजांची कल्पना नव्हे. सुमारे 1195 मधील मा युआन या चिनी चित्रकाराच्या चित्रात नावेतील कोळ्याच्या काठीला रीळ स्पष्ट दिसते. इंग्लंडमध्ये मात्र त्याला कारखानदारीचे रूप आले. नॉटिंगहॅम या लेस विणणाऱ्या शहराने आपले नाव एका लाकडी रिळाला दिले. 1905 मध्ये ब्रॅडफर्डच्या इलिंगवर्थ या गिरणीमालकाने स्थिर स्पूलच्या रिळाचे पेटंट घेतले व ती कल्पना सुताच्या बॉबिनवरून सुचल्याचे सांगितले जाते. योगायोग असा, की याच सुमारास मुंबईच्या कापडगिरण्यांना वीज पुरविण्यासाठी टाटांची योजना आकार घेत होती. 1911 मध्ये लोणावळ्याच्या धरणाची पायाभरणी झाली, 1915 मध्ये खोपोलीचे वीजकेंद्र सुरू झाले. वळवण, शिरवता, पुढे ठोकरवाडी व मुळशी असे जलाशय निर्माण झाले. मुळशीच्या शेतकऱ्यांनी 1921 पासून सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली दिलेला लढा सुपरिचित आहे. पावसाळ्यात अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध चढणाऱ्या महासीरची वाटही याच भिंतींनी अडविली. त्याची दखल घेण्यास मात्र अर्धशतक लोटावे लागले.

आता प्रत्यक्ष यंत्राकडे वळू. मद्रास इलाख्यातील सनदी अधिकारी हेन्री सलिव्हन थॉमस याने 'द रॉड इन इंडिया' (1873) या ग्रंथात महासीरला सामन माशाहून वरचढ ठरविले, ते त्याच्या पहिल्या धावेमुळे. आमिष तोंडात येताच हा मासा अशा वेगाने दूर जातो, की दोर अडला तर तुटलाच म्हणावा. म्हणून रिळाचे खरे काम दोर गुंडाळण्याचे नसून तो मोजूनमापून सोडण्याचे आहे. जुन्या पितळी रिळांत हे काम खिट्टी व दातेरी चाक करी. त्याची करकर हीच धावेची सूचना. पुढील काळातील रिळांत एकावर एक दाबलेल्या चकत्यांचे घर्षण, म्हणजे ज्याला मच्छीमार 'ड्रॅग' म्हणतात, ते काम करू लागले.

वंगणाचे शास्त्र येथूनच सुरू होते. दातेरी चाकांवर दाब मोठा व गती कमी, म्हणून तेथे घट्ट ग्रीस. स्पूलचा दांडा व बेअरिंग यांची गती अधिक, म्हणून तेथे पातळ तेलाचा एखादाच थेंब. ड्रॅगच्या कोरड्या चकत्यांवर तेल ओघळले तर पकड सुटते. उलट त्या गंजल्या वा कळकल्या तर दोर धक्क्याधक्क्याने सुटतो आणि नेमका त्या धक्क्यालाच तुटतो. काम संपल्यावर ड्रॅग सैल करून ठेवावा, नाहीतर चकत्या दबून बसतात. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. अशा दमट हवेत पोलाद गंजते, पितळेवर हिरवट कळक चढतो. घरातले खोबरेल येथे कामाचे नाही, कारण ते थंडीत गोठते. इतर वनस्पतिजन्य तेले कालांतराने चिकट होतात. शिवणयंत्राचे पातळ खनिज तेल त्यापेक्षा कितीतरी बरे. नदीतील बारीक वाळू ग्रीसमध्ये मिसळली की तीच कानशीसारखी दाते झिजविते, म्हणून जुने ग्रीस पुसून काढल्याशिवाय नवे भरणे म्हणजे यंत्राची हानी. नायलॉनपूर्वीचे रेशमी व सुती दोर तर दररोज उलगडून वाळवावे लागत. ओले राहिलेले दोर आतल्या आत कुजत. साहेबाच्या छंदामागचे हे दैनंदिन कष्ट बहुधा नोकरांच्या वाट्याला येत असावेत, असे मानण्यास जागा आहे.

या साधनाच्या वैभवाचा काळ म्हणजे विसाव्या शतकाचा पूर्वार्ध. 1946 मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन याने 120 पौंडांचा महासीर पकडला. 1948 मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने मॅकडोनल्डचे महासीरविषयक पुस्तक प्रकाशित केले. पुढे नद्यांतील मासाच घटू लागला. 1970 च्या सुमारास डॉ. चं. वि. कुलकर्णी या महाराष्ट्राच्या माजी मत्स्यसंचालकांनी टाटांच्या लोणावळा येथील केंद्रात खुद्री महासीरचे कृत्रिम प्रजनन यशस्वी केले. मादीची अंडी हाताने काढून नराच्या शुक्ररसात मिसळावयाची, आणि ती तळाशी बसणारी जड अंडी वाहत्या पाण्याच्या तबकांत उबवावयाची, अशी ही पद्धत होती. पुढे येथील बोटुकली देशातील अनेक राज्यांत गेली. हे यश निर्विवाद आहे.

परंतु ती कावेरीतही गेली, आणि तेथे कुबडा महासीर हा स्थानिक मासा होता. कर्नाटकातील गालिबोरे येथील तळावर मासे पकडून, मोजून, पुन्हा पाण्यात सोडले जात. 1998 ते 2012 या काळातील या नोंदींचे विश्लेषण 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात निळ्या परांचा खुद्री वाढत गेला व कुबडा दुर्मीळ होत गेला, हे दिसून आले. पकडून सोडण्याच्या या प्रथेतही रिळाची निगा गौण नव्हती : ड्रॅग सुरळीत चालला तर झुंज लवकर संपते, मासा कमी थकतो व सोडल्यावर जगण्याची शक्यता वाढते. मारण्यासाठी आणलेले यंत्र अशा रीतीने मोजणीचे साधन बनले. वन्यजीव कायद्याच्या अंमलबजावणीत हे तळ 2012 मध्ये बंद झाले, आणि त्याबरोबर ही मोजणीही थांबली. या निर्णयामागील हेतू कितीही शुद्ध असला, तरी प्रस्तुत लेखकाच्या मते तो अभ्यासाच्या दृष्टीने हानिकारक ठरला.

2018 मध्ये कुबड्या महासीरची ओळख 'टोर रेमादेवी' अशी निश्चित झाली व त्याच वर्षी तो आंतरराष्ट्रीय लाल यादीत अतिसंकटग्रस्त ठरला. लोणावळ्याचा खुद्री मात्र संकटग्रस्त वर्गातून किमान चिंतेच्या वर्गात आला.