टेबलावरचं आरमार

आरमारी लढायांच्या बऱ्याच संगणकी खेळांत बॅटलशिपा एका रांगेत चालतात. आघाडीच्या जहाजाला दिशा दिली की मागची जहाजं ठरलेलं अंतर राखून त्याच जागी एकेक करून वळतात. पडद्यावर हे इतकं सहज घडतं, की त्यामागची साडेतीनशे वर्षांची खटपट ध्यानातही येत नाही. या रांगेचा बराचसा विचार आधी टेबलावर आणि जमिनीवर, छोट्या नौका मांडून झाला. तिची जन्मकथा म्हणूनच मला खेळाहून वेगळी काढता येत नाही.

रांग आली ती तोफांच्या जागेमुळे. सतराव्या शतकातल्या युरोपी युद्धनौकांच्या तोफा दोन्ही कुशींना असत. समोरून चाल केली तर मारा जवळजवळ शून्य, बाजू दिली तर पूर्ण. तेव्हा एकामागे एक उभं राहावं, म्हणजे कुणी कुणाच्या माऱ्याआड येत नाही. 1653 मध्ये डचांशी लढताना इंग्रजांच्या आरमारानं लेखी सूचना काढल्या आणि ही रांग नियमात बसवली. आपल्याकडं आंग्र्यांच्या गुराब नौकांच्या नाळेवरही तोफा असत. या नौका शत्रूच्या पिछाडीला येत, वारा पडला तर गलबतं त्यांना वल्ह्यांनी ओढून नेत. त्या आरमाराला अशा लांब रांगेची गरज नव्हती. तोफ जिथं, तसा व्यूह.

रांगेची एक अडचण होती. दोन्ही बाजूंनी नेटक्या रांगा धरल्या की लढाईचा निकाल लागत नसे. एडिनबरोच्या जॉन क्लर्कनं या कोड्यावर वर्षानुवर्षं डोकं लावलं. हा व्यापारी माणूस, आरमारात त्यानं कधी नोकरी केली नव्हती. टेबलावर छोट्या नौका मांडायच्या, वाऱ्याची दिशा ठरवायची आणि एकेक लढाई पुन्हा लढून पाहायची, ही त्याची पद्धत. शत्रूच्या सगळ्या रांगेशी भिडू नका, तिचा एक तुकडा तोडा आणि त्यावर जोर लावा, हे त्याचं सांगणं. त्याचं पुस्तक 1782 मध्ये मोजक्या प्रतींत छापलं गेलं. त्याच वर्षी 12 एप्रिलला कॅरिबियन समुद्रात ब्रिटिश ॲडमिरल रॉडनीनं फ्रेंचांची रांग भेदली. श्रेय क्लर्कचं की नाही यावर मोठा वाद झाला. मला त्या वादापेक्षा टेबल महत्त्वाचं वाटतं. लढाई मांडून, मोडून, पुन्हा मांडून पाहता येते, ही जाण तिथं दिसते.

वाफेची इंजिनं आली आणि वाऱ्याची कटकट संपली. जहाज हवं तिकडं वळू लागलं, तसे व्यूह कवायतीसारखे आखीव झाले. झेंड्यांच्या संकेतांची जाडजूड पुस्तकं तयार झाली. हा आखीवपणा किती जिवावर बेतू शकतो ते 22 जून 1893 ला लेबनॉनच्या किनाऱ्याजवळ दिसलं. ब्रिटनचा भूमध्य समुद्रातला ताफा दोन समांतर ओळींत चालला होता. ॲडमिरल ट्रायननं दोन्ही ओळींना आतल्या बाजूला, म्हणजे एकमेकींकडे वळायचा हुकूम दिला. ओळींमधलं अंतर होतं सहा केबल, सुमारे 1200 यार्ड. पूर्ण उलटं वळायला एकेका जहाजाला सुमारे 800 यार्ड लागत. बेरीज कुणालाही करता आली असती. दुसऱ्या ओळीचा प्रमुख मार्कहॅम घुटमळला, तर ध्वजनौकेवरून विचारणा आली की कशाची वाट पाहता? तो वळला. त्याच्या ‘कॅम्परडाऊन’चं नाक ट्रायनच्या ‘व्हिक्टोरिया’च्या कुशीत घुसलं. ट्रायनसह 358 माणसं गेली.

त्या बुडत्या ‘व्हिक्टोरिया’वर तापानं आजारी असलेला एक अधिकारी होता, जॉन जेलिको. तो वाचला.

याच दशकात फ्रेड जेन या इंग्रज चित्रकारानं आरमारी खेळ काढला. प्रत्येक जहाजाचं चिलखत, तोफा, वेग यांचा तपशील आणि बाह्याकृतीचं कार्ड. गोळा लागला का, हे ठरवायला टाचणी बसवलेल्या लाकडी फळीनं त्या कार्डावर ठोका मारायचा. खेळाला जगातल्या जहाजांची खात्रीलायक माहिती लागते, म्हणून त्यानं 1898 मध्ये संदर्भग्रंथ छापला. ‘जेन्स फायटिंग शिप्स’ नावानं आरमारी कचेऱ्यांत दिसणारा तो जाड ग्रंथ मुळात या खेळाच्या गरजेतून वाढला.

आता जेलिकोकडे परत यायला हवं, कारण बॅटलशिपांच्या व्यूहाची सगळ्यात मोठी परीक्षा त्यालाच द्यावी लागली. जटलंडची लढाई: 31 मे 1916 ची संध्याकाळ, उत्तर समुद्र, धुकं आणि धूर. त्याच्या 24 बॅटलशिपा चार-चारच्या सहा समांतर ओळींत येत होत्या. प्रवासाला ही मांडणी सोयीची, कारण झेंडे सगळ्यांना दिसतात आणि ताफा आटोपशीर राहतो. पण लढायला एकच लांब रांग हवी, आणि ती उलगडायला पाव तासाहून अधिक वेळ लागणार. डाव्या ओळीच्या मागे उलगडायची की उजव्या? जर्मन ताफा नक्की कुठं आहे, हे पुढं टेहळणीला गेलेल्या बीटीकडून धड कळत नव्हतं. उजवी ओळ शत्रूला जवळ होती, पण तिच्यामागे रांग उलगडली असती तर पहिला मारा अर्धवट वळलेल्या जहाजांवर पडला असता. जेलिकोनं होकायंत्राकडे पाहत काही क्षण विचार केला आणि डावी ओळ निवडली. जर्मन आघाडी धुक्यातून बाहेर आली तेव्हा तिच्यासमोर आडवी ब्रिटिश रांग पसरली होती. मधल्या ओळीवर उलगडायला हवं होतं असं चर्चिलनं पुढं लिहिलं. मला जेलिकोचा निर्णय बरोबरच वाटतो. त्या घडीला त्याच्या हाती जेवढं होतं त्यातून याहून चांगला व्यूह निघत नव्हता.

जर्मन सेनापती शीअरचं उत्तरही तोलामोलाचं होतं. त्याच्या जहाजांनी एकापाठोपाठ न वळता, शेपटाकडून सुरुवात करून जवळजवळ एकाच वेळी तोंडं फिरवली आणि ताफा धुक्यात नाहीसा झाला. त्या संध्याकाळी त्यानं हे तीनदा केलं. सरावाशिवाय हे शक्यच नाही.

अमेरिकेत न्यूपोर्टच्या नेव्हल वॉर कॉलेजात जमिनीवर चौकटी आखून असले डाव एकोणिसाव्या शतकापासून खेळले जात. 1922-23 च्या तुकडीत मॅकफॉल नावाच्या अधिकाऱ्यानं पटावर रांगेऐवजी वर्तुळं मांडून पाहिली: मधोमध बॅटलशिपा, भोवती क्रूझर आणि विनाशिका. दिशा बदलायची तर सगळ्यांनी एकदम वळायचं, वर्तुळ तसंच राहतं. त्याचा वर्गमित्र चेस्टर निमिट्झनं लगेचच ही मांडणी प्रत्यक्ष ताफ्यात, ‘लँगली’ या विमानवाहू जहाजासह करून पाहिली. पॅसिफिक युद्धात विमानवाहू जहाज मध्यभागी गेलं आणि बॅटलशिप त्याची राखणदार म्हणून कडेला आली.

पुढं हा खेळ घराघरांत गेला. न्यूयॉर्कमध्ये फ्लेचर प्रॅट लाकडी प्रतिकृती जमिनीवर मांडी आणि खेळाडूंना अंतर नुसत्या नजरेनं ताडायला लावी. 1967 च्या ‘जटलंड’ या खेळात जिम डनिगननं पट काढून टाकला आणि पुठ्ठ्याची जहाजं पुन्हा जमिनीवर आणली. मग संगणक आला आणि एक मोठी गोष्ट गळाली: हुकूम पोचण्याची अनिश्चितता. माउसच्या एका टिचकीनं 24 जहाजं वळू लागली, तर ट्रायन आणि जेलिको ज्या गोष्टीशी झुंजले तीच नाहीशी होते.

म्हणून फ्रेड्रिक वॉलिनचा 2015 चा ‘रूल द वेव्हज’ मला फार मोलाचा वाटतो. दिसायला साधा, नकाशावरची बारीक चिन्हं तेवढी. पण त्यात प्रत्येक तुकडीला भूमिका असते: मुख्य बळ, टेहळणी, आडोसा, पाठबळ. नियंत्रणाची सगळ्यात कडक पातळी निवडली तर आपल्या थेट हाती ध्वजनौकेची तुकडी उरते, बाकीच्या भूमिकेनुसार वागतात. तिथं खेळाडूच्या सवयी बदलतात. तो रांग आटोपशीर ठेवतो, क्रूझर फार पुढं सोडत नाही, संध्याकाळ व्हायच्या आत तुकड्या जवळ ओढतो. आणि शत्रूच्या रांगेला आडवं जाण्याची संधी दिसली, तरी वळण्याआधी शेजारच्या तुकडीपासूनचं अंतर मोजतो.