बिडी ओढली त्याने, धूर गेला तिच्याही छातीत

बिडी-सिगारेट ओढणाऱ्याची छाती कशी पोखरते, ते आपण जाणतोच. पण त्याच घरात राहणाऱ्या, बिडीला कधी हातही न लावलेल्या बाईचं काय होतं?

जपानातले डॉ. ताकेशी हिरायामा यांनी हे मोजून पाहिलं. स्वतः सिगारेट न ओढणाऱ्या, ४० वर्षांपुढच्या ९१,५४० बायकांची नोंद त्यांनी १९६६ ते १९७९ अशी १४ वर्षं ठेवली. १९८१ साली निष्कर्ष छापून आला. नवरा दिवसाला २० किंवा जास्त सिगारेटी ओढत असेल, तर बायकोला फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका सुमारे दुप्पट! शेतकरी घरांत, नवरा ४० ते ५९ वयाचा असला, तर धोका आणखी मोठा दिसला.

असं का होतं? आपल्या श्वासनळीला आतून पेशींचं अस्तर असतं. त्यावरचे बारीक केस धूळ आणि कफ झाडूसारखे वर लोटतात. धुराने हा झाडू मंदावतो. अस्तराच्या पेशी दुखावतात आणि मदतीसाठी रसायनांचे निरोप धाडतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात. जंतू मारायला त्यांच्याकडे जे जहाल रस असतात, ते तिथे सांडतात आणि आपलंच अस्तर जाळतात. नळी सुजते, कफ वाढतो, वाट अरुंद होते. धूर रोजचा असला की ही सूज उतरतच नाही. धुरातली विषं पेशींना आतूनही बिघडवतात, त्यातून कर्करोगाची वाट उघडते. दमेकरी लेकरांना तर लगेच धाप लागते.

हिरायामांचं गणित चुकलं, अशी तंबाखू कंपन्यांनी ओरड केली. पुढे त्यांची आतली कागदपत्रं बाहेर आली. त्यांच्याच काही जाणकारांना हिरायामा बरोबर वाटत होते!

आपल्याकडे मुंबईचे मुरली देवरा सर्वोच्च न्यायालयात गेले. २००१ साली न्यायालयाने सार्वजनिक जागी धूम्रपान थांबवायला सांगितलं. २ ऑक्टोबर २००८ पासून त्याचे कडक नियम देशभर लागू झाले. एसटीत, दवाखान्यात आता बिडी पेटवायला मनाई आहे.

पण कायदा आपल्या उंबऱ्याच्या आत येत नाही. तिथे आपणच बोलायला हवं. खिडकी उघडून भागत नाही, बिडी घराबाहेरच हवी; सुटली तर उत्तमच. एकटीला सांगणं जड जात असेल, तर गटाच्या बैठकीत विषय काढूया. श्वास आपलाही आहे.