यंत्राची स्मृति आणि तिचा ताप

मनुष्याची स्मृति क्षीण होऊं लागली कीं तो निदान कुरकुर तरी करितो. यंत्रहि कुरकुर करितें. परंतु ती ऐकावयास निराळा कान लागतो. गेल्या वैशाखांत आम्हांस याचा प्रत्यय आला. अकरा वर्षें खपून केलेलीं मोडी कागदपत्रांचीं वाचनें ज्या हार्ड डिस्कवर होतीं, तिच्यांतून टिकटिक असा आवाज येऊं लागला. संगणकहि चटका बसावा इतका तापला होता. ‘उन्हाचा परिणाम असेल’ असा सोपा निवाडा करून आम्हीं आंतल्या पंख्यावरील धूळ झाडली, बाजूस टेबलफॅन लावला आणि निश्चिंत झालों. चौथ्या दिवशीं डिस्क कायमची बंद पडली. तेव्हां या यंत्राचा इतिहास आम्ही वाचूं लागलों, आणि आमची चूक काय झाली तें त्यांत आढळलें.

संगणक आणि उष्णता यांचें वैर जुनें आहे. १९४६ सालीं अमेरिकेंत लोकांपुढें आलेल्या ‘एनिॲक’ या यंत्रांत सुमारें १८,००० निर्वात नळ्या होत्या व त्यास सुमारें १५० किलोवॅट वीज लागे. त्या विजेची अखेर उष्णतेंतच व्हावयाची. म्हणून यंत्रास वारा घालण्याची स्वतंत्र व्यवस्था करावी लागली होती. त्यामुळें संगणक बिघडला कीं उष्णतेवर संशय घेण्याची संवय माणसास प्रथमपासूनच लागली, यांत नवल नाहीं.

चुकांचा विचार मात्र निराळ्या वाटेनें झाला. बेल प्रयोगशाळेंतील गणिती रिचर्ड हॅमिंग यांचीं गणितें शनिवार-रविवारीं, जवळ कोणी माणूस नसतां, यंत्रावर चालत. चूक झाली एवढें यंत्रास कळे. परंतु ती सुधारतां येत नसल्यामुळें तें गणित टाकून पुढच्याकडे वळे, आणि सोमवारीं पाहावें तों काम अपुरें! ज्यास चूक ओळखतां येते त्यास ती नेमकी कोठें आहे हें शोधून दुरुस्त कां करतां येऊं नये, या त्राग्यांतून हॅमिंग यांची चुका सुधारणारी संकेतपद्धति निघाली व १९५० सालीं प्रसिद्ध झाली. मूळ मजकुराबरोबर कांहीं जास्तीचे अंक ठेवावयाचे आणि त्यांच्या साक्षीनें चुकलेला अंक हुडकून काढावयाचा, ही तिच्यांतील युक्ति होय.

पुढें १९५६ सालीं आय.बी.एम. कंपनीनें ‘रॅमॅक’ हें यंत्र जाहीर केलें. कॅलिफोर्नियांतील सॅन होजे येथें, रेनॉल्ड जॉन्सन यांच्या नेतृत्वाखालीं, त्यासाठीं पहिली हार्ड डिस्क सिद्ध झाली होती. तींत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या मिनिटास १,२०० फेरे घेत, व सर्व मिळून ५० लाख अक्षरें सांठवीत. १९७३ सालच्या ‘विंचेस्टर’ रचनेंत तबकड्या आणि त्यांवरील मजकूर वाचणारीं टोंकें एकाच बंद पेटींत गेलीं. धुळीचें भय कमी झालें, हा मोठाच लाभ. पण पेटीच्या आंत काय चाललें आहे तें मालकास दिसेनासें झालें. आजची डिस्क लहानसहान चुका आपल्याआपणच सुधारते, आणि एखादी जागा नासली कीं तिच्याऐवजीं राखीव जागा वापरूं लागते. कर्त्या पुरुषानें घरांत कोणास न सांगतां शिलकेंतून कर्ज फेडीत राहावें, तसाच हा प्रकार! बाहेरून सर्व सुरळीत, आंत शिलक संपत आलेली. १९९० नंतरच्या दशकांत रूढ झालेली ‘स्मार्ट’ नांवाची व्यवस्था म्हणजे या व्यवहाराची वही होय. किती जागा बदलल्या, किती वाचतां आल्या नाहींत, ताप किती चढला, हें सारें तींत नोंदलेलें असतें. ती वही आम्हीं कधीं उघडलीच नव्हती.

मग उष्णतेचा दोष किती? २००७ सालीं गूगलमधील तिघां संशोधकांनीं एक लाखाहून अधिक डिस्कांचा हिशेब मांडला. तापमान आणि बिघाड यांचा जो दाट संबंध सर्वत्र गृहीत धरला जात होता, तो त्यांस आढळला नाहीं. अति तापलेल्या आणि जुन्या डिस्कांपुरताच तो कांहींसा दिसला. उलट, तपासणींत वाचनाची पहिली चूक सांपडल्यानंतर ६० दिवसांत डिस्क बंद पडण्याचा संभव, तशी चूक नसलेल्या डिस्कांपेक्षां, ३९ पट ठरला. तथापि बंद पडलेल्यांपैकीं निम्म्याहून अधिक डिस्कांच्या वहींत मुख्य चार खुणांपैकीं एकहि उमटलेली नव्हती!

याचा अर्थ, संगणक थंड ठेवूं नये असा नव्हे. प्रोसेसर फार तापला तर संगणक मंदावतो किंवा बंदहि पडतो; म्हणून धूळ झाडावी, हवेची वाट मोकळी ठेवावी. परंतु ही निगा झाली, निदान नव्हे. आणि निदानहि पुष्कळदां फसतें, हें वरील हिशेबच सांगतो. आपल्याकडील जुने ग्रंथ आपणांपर्यंत आले ते पुष्कळांशीं नकलांमुळें. डिस्कचा न्याय निराळा नाहीं. संशय येतांच प्रथम नक्कल करावी, मग वही तपासावी, आणि पंखा त्यानंतर पुसावा. आम्हीं हा क्रम उलटा धरला.

आमच्या एका जुन्या विद्यार्थ्यानें पूर्वीं सहा वर्षांच्या वाचनांची प्रत मागून नेली होती, तेवढीं वांचलीं. उरलेल्या पांच वर्षांचे मूळ कागद अद्याप जागच्या जागीं आहेत; तीं वाचणारे डोळे मात्र पूर्वींचे राहिलेले नाहींत.