चार मीटरांतील भाऊबंदकी

इतिहास म्हटला की आपल्याला लढाया, तह आणि सनावळ्या आठवतात. वर्गात मी मुलांना तेच शिकवतो. पण दसऱ्याला झेंडूच्या माळा घालून दारात उभ्या राहणाऱ्या मोटारींनाही इतिहास असतो, आणि त्यातही घराणी असतात, वैरे असतात. आम्हां नाशिककरांच्या घरोघरी हल्ली एक वाद हमखास रंगतो : टाटांची नेक्सॉन घ्यावी, की महिंद्रांची एक्सयूव्ही? यंत्रशास्त्रात मला गती नाही. म्हणून मी या भांडणाच्या मुळाशी सनावळीच्या वाटेने गेलो.

गंमत अशी की दोन्ही घराणी एकाच वर्षी, १९४५ साली जन्मली. टाटांची टेल्को निघाली ती आगगाडीची एंजिने बांधण्यासाठी; महिंद्र बंधूंची पेढी निघाली ती पोलादाच्या व्यापारासाठी, आणि तिचे नाव होते ‘महिंद्र अँड मोहम्मद’. फाळणी झाली, गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली पेढीच्या नावात ‘महिंद्र’ दोनदा आले. १९४७ पासून तिने मुंबईत विलीज जीप जोडायला घेतली होती. टेल्कोने १९५४ साली डेमलर-बेन्झच्या साहाय्याने मालट्रक काढले. म्हणजे एकाकडे रणांगणावरून आलेली जीप, दुसऱ्याकडे ओझ्याचा ट्रक. बायकामुलांचा विचार कोणाच्याच आराखड्यात नव्हता!

तरीही आपण त्यांतूनच हिंडलो. सप्तशृंगीच्या वाटेवरची वडाप जीप आठवून पाहा. समोरासमोर आडवी बाके, गुडघ्याला गुडघा, मांडीवर पोर आणि पायाशी बोचके. ‘किती माणसे मावतील?’ एवढाच काय तो प्रश्न. १९९४ साली टाटांची सुमो आली. हे नाव जपानी पहिलवानाचे नव्हे; टेल्को उभी करणाऱ्या सुमंत मुळगावकरांच्या नाव-आडनावांतील पहिली अक्षरे जोडून ते झाले. तिला तोडीस तोड म्हणून २००२ साली महिंद्रांची स्कॉर्पिओ उतरली, ती आमच्या नाशिकच्या कारखान्यातून.

यानंतर कथेत एक कायदा शिरतो. २००६ च्या अर्थसंकल्पाने लहान मोटारींवरील अबकारी कर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणला. अट अशी की लांबी चार मीटरांच्या आत हवी. पेट्रोल एंजिन १२०० सीसीच्या, आणि डिझेल १५०० सीसीच्या आत हवे. झाले! शिंप्याने बेतून कापड फाडावे तशा गाड्या बेतल्या जाऊ लागल्या. महिंद्रांनी लांबलचक झायलोची शेपटी छाटून २०१२ साली क्वांटो काढली. ती फारशी चालली नाही. पण वाट कळली.

२०१७ साली नेक्सॉन आली आणि २०१९ च्या फेब्रुवारीत एक्सयूव्ही ३००. पहिलीचे माहेर पुण्याजवळचे रांजणगाव, म्हणजे अष्टविनायकांतील महागणपतीचा शेजार. दुसरीचे माहेर नाशिक. तिचा सातपूरचा कारखाना त्र्यंबकच्या वाटेवर. दोघीही मराठी मुलखाच्या लेकी.

आता तुलना. एक्सयूव्ही ३०० चा आराखडा कोरियाच्या सँगयाँग टिव्होलीवरून घेतलेला. टिव्होली चार मीटरांहून लांब, तेव्हा कात्री लागली ती मागच्या बाजूला. म्हणूनच तिच्या दोन चाकांमधले अंतर २,६०० मिलिमीटर, आणि मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांना ऐसपैस जागा. पण सामानाची जागा मात्र सुमारे २६० लिटर. नेक्सॉनचे चाकांमधले अंतर २,४९८ मिलिमीटर, आणि सामानाला ३५० लिटर. नेक्सॉन जमिनीपासून २०९ मिलिमीटर उंच, एक्सयूव्ही १८०. उलट डिझेल एंजिनाची ओढ एक्सयूव्हीत ३०० न्यूटन-मीटर, नेक्सॉनमध्ये २६०. कसाऱ्याच्या घाटात हा फरक जाणवावा. शिवाय एक्सयूव्हीच्या चारही चाकांना डिस्क ब्रेक होते. नेक्सॉनच्या मागच्या चाकांना ड्रम.

पण माझ्या मते या वैराचे खरे फळ निराळेच आहे. ग्लोबल एनकॅप ही संस्था गाड्या मुद्दाम आपटून पाहते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये नेक्सॉनला चार तारे मिळाले. सुधारणा करून डिसेंबरात तिने पाच मिळवले. भारतात बनलेल्या गाडीला मिळालेले ते पहिले पाच तारे. २०२० च्या जानेवारीत एक्सयूव्हीनेही मोठ्यांच्या सुरक्षिततेत पाच मिळवले, आणि मुलांच्या सुरक्षिततेत नेक्सॉनच्या तीन ताऱ्यांपुढे चार मिळवून दाखवले. मग नेक्सॉन कशी गप्प बसेल? २०२४ च्या फेब्रुवारीत तिने मुलांसाठीही पाच मिळवले. त्याच एप्रिलात एक्सयूव्हीने थ्रीएक्सओ हे नवे नाव आणि रूप घेतले, आणि वर्षअखेरीस भारत एनकॅपच्या कसोटीत दोन्हींकडे पाच तारे आणले. भाऊबंदकीत शेताचा बांध कोरला जातो. इथे मात्र प्रत्येक कुरघोडीगणिक मागच्या सीटवरचे मूल अधिक सुरक्षित झाले.

२०२५ च्या सप्टेंबरात चार मीटरांच्या आतील अशा गाड्यांवरचा वस्तू व सेवा कर अठरा टक्क्यांवर आला. त्यामुळे हा वाद आता आणखी घरांत शिरेल. माझे मत विचाराल, तर दर पंधरवड्याला खाचखळग्यांतून गावी जाऊन धान्याची पोती आणणाऱ्याने नेक्सॉन पाहावी. आईवडिलांना मागे बसवून वरचेवर घाट चढणाऱ्याने एक्सयूव्ही. दोन्ही गाड्या सोसायट्यांच्या अरुंद फाटकांतून सुखाने आत शिरतात, आणि दोन्हींच्या हप्त्यांनी पगार सारखाच आटतो.

एक गोष्ट मात्र कोणताही कारखाना आपल्याला बसवून देत नाही. मांडीवर पोर घेऊन बसण्याची जीपच्या काळातली सवय अजून सुटलेली नाही. ‘किती मावतील?’ या प्रश्नापासून ‘किती सुखरूप पोहोचतील?’ या प्रश्नापर्यंत यायला या दोन घराण्यांना सत्तर वर्षे लागली. पण पाच तारे मिळतात ते पट्टे बांधलेल्या पुतळ्यांना. तेव्हा झेंडूची माळ घालून झाली, नारळ फुटला, की मुलांना त्यांच्या जागी बसवून पट्टे बांधा, आणि मग खुशाल किल्ली फिरवा.